'खरं पुस्तक आण' म्हणे!

आज संध्याकाळी जळगावहून बहिणीचा फोन आला. भाचीला बोलायचंय म्हणाली आणि फोन तिच्या हातात दिला, पण पलीकडून नुसते हुंदके. भाची आठवीत आहे. शाळेत 'माझे आवडते पुस्तक' या विषयावर वक्तृत्व स्पर्धा आहे. पोरीने पंधरा दिवस खपून चार पानांचं भाषण लिहिलं, पाठ केलं, आरशासमोर उभं राहून म्हणून पाहिलं. आणि आज तिला सगळ्या वर्गासमोर सांगितलं गेलं की हे पुस्तक चालणार नाही. का? तर ते टीव्हीवरच्या मालिकेवरून लिहिलेलं आहे. "खरं पुस्तक आण."

शाळेचं नाव लिहिणार नाही. बाईंचंही नाही. बाईंवर माझा व्यक्तिशः राग नाही, त्यांनाही कुणीतरी हेच शिकवलं असणार. पण खरं पुस्तक म्हणजे काय हो? जे वाचताना पोरगी जेवायला उठत नव्हती ते खोटं का?

ते पुस्तक मीच दिलं होतं तिला, मागच्या वाढदिवसाला. 'स्टार ट्रेक' या अंतराळातल्या जहाजाच्या अमेरिकन मालिकेवरची कादंबरी, व्होंडा मॅकिन्टायर या बाईंची, १९८१ सालची. या बाई शिकल्या जीवशास्त्र, आणि ही कादंबरी लिहायच्या आधीच त्यांना विज्ञानकथेतला ह्यूगो पुरस्कार मिळालेला होता. मालिकेत जहाज चालवणारा सुलू आहे ना, त्याला मालिकेत फक्त आडनाव. सगळे आपले 'सुलू, सुलू'. या कादंबरीत बाईंनी त्याला 'हिकारू' असं नाव दिलं. दहा वर्षांनी, १९९१च्या सिनेमात, पडद्यावर तेच नाव घेतलं गेलं. म्हणजे माणूस मालिकेने जन्माला घातला आणि त्याचं बारसं पुस्तकाने केलं. भाचीच्या भाषणाची सुरुवातच या वाक्याने होती, आणि हे वाक्य तिचं स्वतःचं आहे, माझं नाही. तेरा वर्षांची पोरगी असं वाक्य लिहिते आणि तिला आपण खाली बसवतो.

माझ्या नानांची गोष्ट तुमच्यापैकी काहींना माहीत आहे. आज पुन्हा सांगतो, कारण आज ती सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही.

नाना भुसावळला मालगाडीचे गार्ड होते. मूळ गाव अमळनेर तालुक्यातलं, घरात बोलणं सगळं अहिराणीत. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायचं. आमच्या रेल्वेच्या चाळीत टीव्ही एकाच घरी, शेजारच्या ड्रायव्हरकाकांकडे, आणि तिथे खिडकीपर्यंत पोरंच पोरं. नानांची ड्यूटी कधी खंडव्याची, कधी मनमाडची, कधी बडनेऱ्याची. रविवार बघून मालगाडी निघत नाही. सगळे मिळून पाचसहा भाग त्यांनी पाहिले असतील, त्यातही दोनदा लाईट गेली. पण त्या जहाजाने त्यांना धरलं ते धरलंच. कारण मला नंतर कळलं. बहुतेक गोष्टींच्या सुरुवातीला जहाजाचा कॅप्टन आपली नोंद बोलतो: अमुक तारीख, आम्ही अमुक ठिकाणी आहोत, अमुक झालं. नानांच्या पेटीत हिरवा झेंडा, लाल झेंडा, दिवा आणि त्यांची जर्नलची वही असायची. कुठल्या स्टेशनात किती वाजता आलो, किती वाजता सुटलो, कुठे का थांबलो. गाडीच्या शेपटाला ब्रेकव्हॅनमध्ये रात्रभर एकटा बसलेला माणूस आणि बाहेर नुसता अंधार. नानांना तो कॅप्टन आपल्या खात्यातला वाटायचा.

एकदा स्टेशनबाहेरच्या हातगाडीवर, जुन्या मासिकांच्या ढिगात, मला त्या मालिकेचं पुस्तक दिसलं. दोन रुपयांना. कव्हर अर्धं गेलेलं, पाठीचा डिंक सुटलेला, पान उलटलं की कड् असा आवाज. मराठी माध्यमाचा नववीतला पोरगा मी. कोश घेऊन बसलो आणि पेन्सिलीने समासात अर्थ लिहीत लिहीत वाचायला लागलो. पहिल्या पानाला दोन दिवस लागले, शेवटी शेवटी दिवसाला आठ पानं होत होती. आज माझं पोट ज्या इंग्रजीवर चालतं ती तिथे शिकलो, शाळेत नाही. नाना ड्यूटीवरून आले, आंघोळ झाली, भाकरी खाल्ली की खाटेवर आडवे व्हायचे आणि मी इंग्रजीत वाचलेलं त्यांना अहिराणीत सांगायचो. जरा थांबलो की त्यांचं ठरलेलं: "मंग पुढे काय व्हयनं?"

हे वाचन नव्हतं का?

आता म्हणाल, एवढं काय त्या पुस्तकांत? ऐका. मालिका सुरू झाली १९६६ला, तीन वर्षांत ७९ भाग होऊन बंद पडली. तेव्हा घरात टेप नाही, काही नाही. भाग हुकला तो हुकला. १९६७पासून जेम्स ब्लिश नावाच्या लेखकाने एकेका भागाची गोष्ट करून पुस्तकं काढली. माझं दोन रुपयांचं पुस्तक त्यांतलंच. आणि ब्लिश म्हणजे कुणी पाट्या टाकणारा नव्हे, त्यालाही आधी ह्यूगो मिळालेला होता. तो लिहायचा हाती आलेल्या पटकथांवरून, त्यातही बऱ्याचदा कच्च्या खर्ड्यांवरून. म्हणून पुस्तकातली गोष्ट आणि पडद्यावरची गोष्ट कित्येक ठिकाणी जुळत नाही. मला तर तेच आवडतं. १९७५ला तो गेला तेव्हा मालिकेतल्या सगळ्या गोष्टी लिहून झाल्या नव्हत्या. शेवटचं, बारावं पुस्तक त्याच्या बायकोने पुरं केलं.

तिकडे इंग्लंडात बीबीसीने 'डॉक्टर हू' या आपल्या विज्ञानकथेच्या मालिकेच्या साठच्या दशकातल्या भागांच्या टेपा सरळ पुसून टाकल्या. नव्वदहून जास्त भाग आजही सापडलेले नाहीत. पण त्या गोष्टी पोरांना माहीत होत्या, कारण त्यांची पुस्तकं होती. एकट्या टेरन्स डिक्स या लेखकाने साठच्या वर पुस्तकं लिहिली. टेप पुसली गेली आणि पुस्तक राहिलं. आणि आपण म्हणणार, ते पुस्तक खरं नाही!

मान्य, या प्रकारात भरताड खूप आहे. घाईत लिहिलेलं, पानं भरलेलं, एक वाचलं की दहा वाचल्यासारखी. मीही पुष्कळ अर्ध्यात टाकली आहेत. पण आपल्याकडे दर दिवाळीला जे छापून येतं ते सगळं धुतल्या तांदळासारखं असतं काय?

आणि चांगलं लिहिणाऱ्याची अडचण तर बघा. पात्रं त्याची नाहीत, मालकी कंपनीची. पुस्तक संपताना कॅप्टन जिवंत हवा, जहाज शाबूत हवं, सगळे आपापल्या खुर्चीत हवेत, कारण पुढच्या पुस्तकाला ते लागणार आहेत. म्हणजे 'मरतो की जगतो' हे हुकमाचं पान त्याच्या हातात नाहीच. तरी त्याने वाचकाला रात्रभर जागवायचं. नानांच्या गावाला वहीगायन व्हायचं, म्हणजे रात्रभर आख्यान गाणं. आख्यान कोणतं, शेवट काय, अख्ख्या गावाला पाठ. तरी उजाडेपर्यंत कुणी उठत नसे. गाणारा मधे काय घालतो, कुठे थांबतो, कुणाच्या मनात शिरतो ते ऐकायचं असे. तिथे कुणी म्हणालं का, ही गोष्ट तुझी नाही, खरी आण?

जॉन एम. फोर्ड या लेखकाने १९८४ साली काय केलं? 'स्टार ट्रेक'मधले क्लिंगॉन, म्हणजे आपले ठरलेले खलनायक, त्यांच्याच घरात जाऊन कादंबरी लिहिली. त्यांचे खेळ, त्यांची घराणी, त्यांचा मान. आपल्याला आवडणारा कॅप्टन त्यात जवळजवळ नाहीच. मालिकेला तेव्हा जे सुचलं नव्हतं ते पुस्तकात झालं. असो. यादी करत बसलो तर रात्र संपेल.

मला खरा संताप याचा येतो की आपण पोरांना वाचायला लावायचं म्हणतो आणि ती आपल्या पायाने पुस्तकापाशी आली की दारात उभं राहून त्यांची जात विचारतो. ही शिवाशिव विज्ञानकथेने आधीच भोगली आहे. नारळीकरांनी १९७४ला आपली पहिली विज्ञानकथा स्पर्धेला पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, स्वतःचं मोठं नाव झाकून. गोष्टीवर बक्षीस मिळालं, नावावर नाही. आणि विज्ञानकथा लिहिणाऱ्याला साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद द्यायला आपल्याला २०२१ उजाडावं लागलं. बहिणाबाईंच्या जिल्ह्यात तरी ही शिवाशिव नको होती. त्या माउलीला अक्षरओळख नव्हती, म्हणून तिच्या ओव्या खोट्या ठरल्या का?

बाई, तुम्ही हे वाचत असाल तर माझा आवाज चढला त्याबद्दल राग मानू नका. चाळीस पोरांचा वर्ग, वरून आलेले नियम, तुमच्याही अडचणी असतील. पण त्या पोरीची चार पानं एकदा वाचून तरी बघायची होती.

नानांचं राहिलं.

त्या पुस्तकात एक गोष्ट होती. कॅप्टन भूतकाळात जातो, १९३०च्या न्यूयॉर्कमध्ये. गरिबांना जेवू घालणारी एक बाई त्याला भेटते, जीव जडतो. मग कळतं की ही बाई गाडीखाली येऊन मरणार आहे, आणि ती मेलीच पाहिजे. ती जगली तर तिच्या शांततेच्या चळवळीमुळे अमेरिका युद्धात उशिरा उतरेल आणि हिटलर जिंकेल. बाई रस्ता ओलांडायला लागते, आणि माझ्या पुस्तकाची पानं तिथेच संपत होती. पुढचं सगळं फाटलेलं.

नाना खाटेवर उठून बसले. "मंग पुढे काय व्हयनं?"

त्याच महिन्यात चाळीसगावच्या बाजूला नानांच्या गाडीखाली एक बाई आली होती. घरात त्यावर कुणी बोलत नव्हतं. मी चौदा वर्षांचा होतो, पण तेवढं कळत होतं. मी सांगून टाकलं की कॅप्टनने झेप घेतली आणि तिचा हात धरून मागे ओढलं. ती वाचली. हिटलरचं काय झालं ते मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. "बरं व्हयनं," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

पुढे पुण्यात शिकायला गेलो तेव्हा अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांत तेच पुस्तक सापडलं, पूर्ण. उभ्या उभ्या शेवट वाचला. कॅप्टन तिला वाचवत नाही. दिवाळीला घरी आलो तेव्हा नाना निवृत्त झालेले होते, अंगणात बसले होते. चारपाच वर्षं पोटात ठेवलेलं खोटं मी त्यांना सांगून टाकलं. ते हातातली सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "माले मालूमच व्हतं. गाडी इतल्यामा थांबत नही."

बस, एवढंच. पुन्हा तो विषय आमच्यात कधी निघाला नाही. नानांना जाऊन अकरा वर्षं झाली.

शनिवारी स्पर्धा आहे. भाचीने दुसरं पुस्तक घ्यायचं की हट्ट धरायचा, ते तिचं तिने ठरवावं. मी शुक्रवारी रात्रीच धुळ्याहून जळगावला जातोय. ते दोन रुपयांचं पुस्तक खाकी कव्हर घालून पिशवीत ठेवलंय. समासातली पेन्सिल पुसट झालीय, पण अजून वाचता येते.

कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत अशी मालिकांवरची जुनी पुस्तकं पडली असतील, मराठी, हिंदी, इंग्रजी, कुठलीही, तर रद्दीत घालू नका. मला कळवा. धुळे, जळगाव, भुसावळ, नंदुरबार, कुठेही येऊन घेऊन जाईन. पानं गेलेली असली तरी चालतील.