न्यूरेंबर्ग ते बुडापेस्ट क्रूझ : तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा अभिप्राय वाचला आणि लगेच त्या फेरीचा सगळा पत्रव्यवहार काढून पाहिला. आठ मैत्रिणींनी मिळून आखलेला बेत, आणि त्यात रेगेन्सबुर्गला सामान भरून जहाज सोडायचं, बसने पासाऊ गाठायचं, तिथे दुसऱ्या जहाजात बसायचं. व्हिएन्नात बाल्कनीसमोर शेजारच्या जहाजाच्या खिडक्या. जेवायला आठ जणींना एक टेबल नाही. ‘नदीचे पैसे घेतले आणि बसमधून फिरवलं’ असं तुम्ही लिहिलंय. ते मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहिते.

डॅन्यूब नदीवर जर्मनी-ऑस्ट्रियात बहुतेक ठिकाणी बंधारे आणि लॉक (जहाज एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे, दोन्ही बाजूंना दारं असलेले पाण्याचे हौद) आहेत. पाणी अडवलेलं असल्यामुळे तिथे जहाजापुरती खोली राहते. रेगेन्सबुर्ग आणि पासाऊ यांच्यामधल्या श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन या सुमारे ७० किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र एकही बंधारा नाही, नदी मोकळी वाहते. उन्हाळ्याच्या शेवटी पाऊस ओढ देतो तेव्हा सगळ्यात आधी अडचण होते ती इथेच. तुमच्या आठवड्यात पाणी इतकं उतरलं होतं की जहाज पुढे नेलं असतं तर तळ घासला असता. अशा वेळी कप्तानाचा शब्द शेवटचा, आणि तो तसाच असावा असं मला ठामपणे वाटतं.

दुसरा पर्याय होता तो रेगेन्सबुर्गलाच मुक्काम करून रोज बसने फिरण्याचा. आम्ही त्याला नकार दिला, कारण मग ऑस्ट्रियातलं वाखाऊ खोरं तुम्हाला नदीवरून दिसलंच नसतं. पासाऊला त्याच बनावटीचं जहाज उभं होतं, तुमच्या खोलीचे क्रमांकसुद्धा तेच ठेवले. एक दुपार बसमध्ये गेली हे खरं, पण पासाऊपासून बुडापेस्टपर्यंत तुम्ही पाण्यावरूनच गेलात. अभिप्रायासोबत तुम्ही टाकलेल्या फोटोत वरच्या डेकवर आठही जणी आहेत आणि मागे वाखाऊतल्या ड्युर्नश्टाइन गावच्या चर्चचा निळा मनोरा. त्याच्या वरच्या डोंगरावरचे अवशेष म्हणजे इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२ मध्ये जिथे कैदेत होता तो किल्ला.

पाण्याच्या पातळीमुळे जहाज किंवा मार्ग बदलू शकतो, हे बुकिंगच्या अटींमध्ये आहे आणि निघण्याआधीच्या बैठकीतही सांगितलं होतं. त्यामुळे भाड्याचा भाग परत करता येणार नाही. वसंतात गेलं तर हा प्रश्न येणार नाही असंही नाही. तेव्हा बर्फ वितळून पाणी चढतं आणि जहाज पुलांखालून जात नाही.

बाल्कनीचं म्हणाल तर मोठ्या शहरांत धक्के कमी आणि जहाजं जास्त, त्यामुळे दोन-तीन जहाजं एकमेकांना लागून बांधतात. धक्क्यावर जायचं तर शेजारच्या जहाजाच्या लॉबीतूनच चालत जावं लागतं. जहाज चालू असताना बाल्कनी मोकळी असते.

जेवणाच्या टेबलाचं मूळ जहाजाच्या रुंदीत आहे. न्यूरेंबर्गहून तुम्ही ज्या मेन-डॅन्यूब कालव्याने आलात, त्याचे लॉक १२ मीटर रुंद आहेत. जहाज त्याहून थोडं अरुंदच बांधावं लागतं, मग रेस्टॉरंटमध्ये मोठी टेबलं बसत नाहीत. जागाही राखीव नसतात. तुम्ही सांगितल्यावर तिसऱ्या रात्रीपासून दोन टेबलं जोडून दिली होती. मोठ्या ग्रुपने निघणाऱ्यांनी रेस्टॉरंटच्या मॅनेजरला पहिल्याच दुपारी सांगून ठेवावं.

एक गोष्ट मात्र मला पटलेली नाही. गुडघे दुखणाऱ्या तुमच्या मैत्रिणीला बसपाशी स्वतः बॅग उचलावी लागली, असं तुम्ही लिहिलंय. जहाज बदलताना बॅगा एका खोलीच्या दारातून दुसऱ्या खोलीच्या दारापर्यंत कर्मचाऱ्यांनीच न्यायच्या असतात. जहाज कंपनीला मी याचा जाब विचारला आहे. हे रेगेन्सबुर्गला झालं की पासाऊला, एवढं ऑफिसात फोन करून कळवा. त्यांचं उत्तर आलं की मी स्वतः तुमच्या मैत्रिणीशी बोलेन.