थर्मोस्टॅट काढून व्ही-६ थंड राहत नाही

चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत जुनी ग्रँड व्हिटारा एक्सएल-७ ही सुझुकीची एसयूव्ही बाळगणाऱ्यांत एक मेसेज फिरतोय: ‘कोकणातल्या उकाड्यात सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन गरम होणारच. थर्मोस्टॅट काढा, कूलंटऐवजी विहिरीचं पाणी घाला. टायमिंग चेनकडे बघायला लागत नाही. मिसिंग मारली (एखादा सिलिंडर नीट पेटला नाही) तर सगळ्या कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या) बदला.’ हे ऐकून चांगली इंजिनं वाया जातात.

इंजिन २४९३ सीसीचं एच२५ए असो की नंतरचं २७३६ सीसीचं एच२७ए, थर्मोस्टॅट, म्हणजे तापलेलं कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, साधारण ८०-८५ अंशांना उघडू लागतो. कुंभार्ली घाटात तापमानाचा काटा चढतो तेव्हा तो उघडलेलाच असायला हवा. अडकला असेल तर नवा बसवा. काढून टाकलात तर सपाट रस्त्यावर इंजिन पुरेसं तापत नाही, ईसीयू (इंजिनचा संगणक) जादा पेट्रोल सोडतो आणि ते तेलात उतरून तेल पातळ होतं.

गाडी घाटातच तापते? आधी रेडिएटर बघा. खाऱ्या हवेने कुजलेल्या पात्या नख लावताच पांढरी भुकटी होऊन गळतात. मग रेडिएटर बदलणंच आलं. पात्या शाबूत असतील तर एसी कंडेन्सर आणि रेडिएटरमधला चिखल-गवत काढा, इंजिनकडून बाहेरच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने. मग फॅन क्लच, म्हणजे पंख्याला इंजिनशी जोडणारा भाग: गरम इंजिन बंद करून, चावी काढून पंखा हाताने फिरवा. अजिबात न अडता गरगरला, तर आतलं सिलिकॉन तेल गेलंय.

विहिरीच्या पाण्याचा सल्ला तर सगळ्यात वाईट. ब्लॉक आणि हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. खाडीकाठच्या पाण्यातले क्षार त्यांना खड्डे पाडतात. ‘इथे कुठे बर्फ पडतो?’ म्हणणारे विसरतात की कूलंट गंजही रोखतं आणि उकळबिंदूही वाढवतं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. वाटेत अडलात तर साधं पाणी घालून घर गाठा, पण नंतर सिस्टिम फ्लश कराच.

आता टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारी साखळी. ती ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. तेल वेळेवर बदललं नाही की गाळाने त्याची वाट बुजते, चेन सैल पडून गाइड (तिला सरळ धरणारी पट्टी) खाते. थंड स्टार्टला क्षणभर आवाज चालेल; गरम इंजिनावरही खडखड राहिली तर गाडी चालवू नका. चेनने दात सोडले तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात.

मिसिंगला आधी स्कॅनर लावा. पी०३०३ (तिसऱ्या सिलिंडरच्या मिसिंगचा कोड) आला तर तिसऱ्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर लावा. कोड तिच्याबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला तरच ती एक कॉइल बदला. नाही गेला तर प्लगच्या खड्ड्यात तेल साचलंय का बघा. साचलं असेल तर टॅपेट कव्हरची (हेडवरच्या झाकणाची) गॅस्केट आणि प्लग-ट्यूबची सीलं नवी टाका.