होम स्टुडिओची ‘हे घ्याच’ यादी: एकेका कलमाला उत्तर

घरच्या घरी रेकॉर्डिंग सुरू करायचं म्हटलं की एक यादी हमखास हातात पडते. कुणीतरी पुढे ढकललेली असते, मूळ लिहिणारा कोण याचा पत्ता नसतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो. माइक घ्यायचा तर कंडेन्सरच (वीज पुरवावी लागणारा प्रकार), डायनॅमिक (वीज न लागणारा) फक्त स्टेजवर चालतो. इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) १९२ किलोहर्ट्झचा नसेल तर प्रोफेशनल क्वालिटी विसरा. भिंतींना फोम लावला की खोली साउंडप्रूफ. हेडफोनवर मिक्सिंग होत नाही, त्याला आठ इंची मॉनिटर, म्हणजे स्टुडिओचे स्पीकर, हवेत. फुकटच्या सॉफ्टवेअरमधून आवाज पातळ येतो. केबल सोन्याचा मुलामा दिलेलीच. आणि शेवटी ठळक अक्षरांत: ‘हे सगळं जमेल तेव्हाच सुरुवात करा.’

यातली एकही वस्तू वाईट नाही. मोठ्या स्टुडिओत यातलं बरंचसं सापडेल. पण तिथे आधी खोली बांधून काढलेली असते आणि मग सामान आत येतं. नवशिक्याची खोली आहे तशी असते: चार उघड्या भिंती, एक खिडकी, डोक्यावर पंखा. अशा खोलीत माइकला काय ऐकू येणार, यावरून खरेदीचा क्रम ठरायला हवा. यादी करणाऱ्याने तो विचारच केलेला नाही.

‘माइक कंडेन्सरच हवा’

डायनॅमिक माइक स्टेजपुरताच असता तर शुअरचा एसएम५७ हा १९६५ सालचा माइक आजही गिटारच्या अँपसमोर आणि स्नेअर ड्रमवर स्टुडिओ-स्टुडिओत दिसला नसता. एसएम७ हाही डायनॅमिकच, १९७३ चा. मायकल जॅक्सनच्या १९८२ च्या अल्बमसाठी ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडीन यांनी गायनाला तो वापरला. हल्ली पॉडकास्टवाल्यांच्या तोंडासमोर दिसतो तो त्याचाच पुढचा अवतार, एसएम७बी.

पण या कलमाला उत्तर देणारे बरेचदा दुसऱ्या टोकाला जातात. त्यांचं म्हणणं, कंडेन्सर खोलीचा आवाज उचलतो आणि डायनॅमिक उचलत नाही, म्हणून घरी डायनॅमिकच घ्या. हेही अर्धवटच आहे. कंडेन्सरचं आउटपुट जास्त असतं, त्यामुळे तो सगळंच मोठं करून देतो, गाणंही आणि पंखाही. दोघांचं आपसातलं प्रमाण ठरतं ते तोंड माइकपासून किती लांब आहे आणि माइकचा पॅटर्न कोणता आहे, म्हणजे तो कोणत्या दिशेचं ऐकतो, यावर. दोन्ही माइक कार्डिऑइड (समोरचं जास्त, मागचं कमी ऐकणारे) असतील, अंतर सारखं असेल आणि गेन (माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते) जुळवून घेतला असेल, तर खोली दोन्हींत जवळपास सारखीच येते. डायनॅमिक कोरडा वाटतो, कारण लोक त्याला ओठ टेकवून बोलतात आणि कंडेन्सरसमोर मात्र अदबीने हातभर लांब उभे राहतात.

अंतराचा हिशोब सोपा आहे. तोंडातून निघालेला थेट आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने उतरतो. भिंतींवरून परत येणारा आवाज मात्र छोट्या खोलीत कुठेही उभं राहिलं तरी साधारण तेवढाच असतो. म्हणजे १५ सेंटीमीटरवरून ६० सेंटीमीटरवर गेलात तर गाणं १२ डेसिबलने खाली आलं आणि खोली जागच्या जागी राहिली. हे फोनच्या रेकॉर्डरवरसुद्धा करून बघता येतं. एकच ओळ आधी वीतभर अंतरावरून म्हणा, मग हात पूर्ण लांबवून. दोन्ही टेक सारख्या मोठेपणाला आणा आणि ओळ संपल्यावरचा अर्धा सेकंद कान देऊन ऐका. दुसऱ्या टेकमध्ये शेवटच्या अक्षराला शेपूट फुटलेलं असतं आणि त्यामागे पंख्याची घरघर वर आलेली असते.

फार जवळ गेलं तर वेगळं दुखणं. कार्डिऑइड माइकच्या अगदी तोंडाशी आलं की खर्ज फुगतो, आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांच्या हवेचे फटके बसतात. म्हणून वीतभर अंतर, मध्ये पॉप फिल्टर (हे फटके अडवणारी जाळी), आणि माइक किंचित तिरका. पॉप फिल्टर आणि न डगमगणारा बूम स्टँड या दोन साध्या वस्तू यादीत नाहीतच. टेबलावरच्या बुटक्या स्टँडवर माइक ठेवला की टेबलाला लागलेला प्रत्येक धक्का टेकमध्ये जातो, मग माइक कितीही भारी असो.

मग निवडायचं कसं? डायनॅमिकची खरी अडचण खोलीची नसून गेनची आहे. एसएम७बीला निदान ६० डेसिबल गेन लागतो असं त्याचे निर्मातेच सांगतात. सुरुवातीच्या दर्जाचे कित्येक इंटरफेस जेमतेम तिथपर्यंत पोचतात आणि शेवटच्या टप्प्यात हिस्स सुरू होतो. कंडेन्सरला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज) लागते, ती बहुतेक इंटरफेसवर असते, आणि त्याला गेन कितीतरी कमी पुरतो. गळा हलका असेल किंवा अकूस्टिक गिटार रेकॉर्ड करायची असेल तर मी कंडेन्सरच सुचवेन. खुल्या, दणदणीत आवाजाला दोन्ही चालतात. इंटरफेसशिवाय थेट कॉम्प्युटरला जोडायच्या यूएसबी माइकला नाकं मुरडणाऱ्यांनाही एक सांगतो: एकट्याच्या आवाजासाठी तो पुरेसा आहे. अडतं ते दुसरा माइक जोडायची वेळ आली की.

‘१९२ किलोहर्ट्झ नसेल तर क्वालिटी नाही’

माणसाचा कान २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ ऐकतो, तेही तरुणपणी. एखादी फ्रिक्वेन्सी पकडायची तर सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती वेळा नोंद घ्यायची ते, तिच्या दुपटीहून जास्त लागतं. सीडीचं ४४.१ किलोहर्ट्झ त्याच हिशोबाने ठरलं आणि व्हिडिओच्या कामात ४८ रूढ झालं. त्याच्या वरचं ऐकू येतं का, हे लोकांनी तपासूनही पाहिलंय. मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत हाय-रेझोल्यूशन आवाजाच्या वाटेत मध्येच सीडी दर्जाचा टप्पा घातला होता. तो आहे की नाही हे ऐकणाऱ्यांनी ५५४ पैकी २७६ वेळा बरोबर ओळखलं, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. जोशुआ राइस यांनी २०१६ मध्ये अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र केले तेव्हा अचूक ओळखण्याचं प्रमाण ५२ टक्क्यांच्या आसपास निघालं, आणि सराव दिलेल्या कानांत थोडं जास्त. फरक शून्य आहे असं म्हणणार नाही. पण ज्या टेकमध्ये फ्रिज गुरगुरतोय त्या टेकमध्ये तो शोधायला जाऊ नये.

१९२ ची किंमत मात्र लगेच जाणवते. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ मेगाबाइट घेतो; १९२ वर तोच साडेचौतीस. दहा ट्रॅकचं गाणं आणि साधा लॅपटॉप असेल तर प्लगइन (आवाजावर काम करणारे जोड-प्रोग्राम) टाकतानाच घाम फुटतो.

बिटच्या, म्हणजे प्रत्येक नोंदीच्या बारकाईच्या, बाबतीत मात्र २४ घ्याच. त्यामुळे लेव्हल लाल पट्ट्याला भिडवायची जुनी सवय सोडता येते. १६ बिटमध्ये सैद्धांतिक मर्यादा ९६ डेसिबलची, २४ मध्ये १४४ ची. प्रत्यक्षात चांगला कन्व्हर्टर (इंटरफेसमधला, आवाजाचे आकडे करणारा भाग) ११० ते १२० देतो. घरातली शांतता त्याहून कितीतरी आधी संपते. तेव्हा सर्वात मोठा सूर लाल पट्ट्याच्या १२ डेसिबल खाली, उणे १२ च्या आसपास येईल असा गेन ठेवा, गायक जोशात आला तरी टेक फाटणार नाही.

इंटरफेस घेताना खोक्यावरच्या किलोहर्ट्झऐवजी पाहायच्या त्या गोष्टी वेगळ्याच आहेत. गेन किती डेसिबलपर्यंत जातो? तुमच्या कॉम्प्युटरसाठी त्याचा ड्रायव्हर नीट आणि अद्ययावत मिळतो का? डायरेक्ट मॉनिटरिंग आहे का? हे तिसरं गायकांसाठी फार महत्त्वाचं. ५१२ सॅम्पलच्या बफरला (कॉम्प्युटर आवाज क्षणभर साठवतो तो टप्पा) ४८ किलोहर्ट्झवर एका बाजूचेच जवळपास ११ मिलिसेकंद जातात. येण्याजाण्याचे धरले तर स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये मागून आल्यासारखा वाटतो आणि लय ढिली पडते. डायरेक्ट मॉनिटरिंगमध्ये आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट कानात येतो. आणि इनपुट दोन असावेत. एकच घेतलेला माणूस लवकरच दुसरा इंटरफेस शोधू लागतो.

‘फोम लावला की खोली साउंडप्रूफ’

पूर्ण यादीतलं सर्वात महागात पडणारं वाक्य हेच, कारण यात दोन वेगळी कामं एकत्र कालवली आहेत. आवाज बाहेर जाऊ न देणं किंवा बाहेरचा आत येऊ न देणं हे वजनाचं आणि हवाबंदपणाचं काम आहे: जड भिंत, जाड दार, फटी बुजवलेल्या. फोम हातात घेतला तरी कळतं की त्याला वजनच नाही. शेजारच्या घरातला टीव्ही त्याने तसूभरही कमी होत नाही. फोम करतो ते दुसरं काम, म्हणजे खोलीच्या आतलं घुमणं कमी करणं. तेही अर्धवटच.

अर्धवट का? आवाज शोषायला थराची जाडी तरंगलांबीच्या प्रमाणात लागते. १ किलोहर्ट्झची तरंगलांबी ३४ सेंटीमीटर आहे, १०० हर्ट्झची जवळपास साडेतीन मीटर. अडीच सेंटीमीटरचा फोम वरच्या सुरांची चमक गिळतो आणि पुरुषी आवाजाचा पाया जिथे असतो त्या शंभर-सव्वाशे हर्ट्झला हातही लावत नाही. परिणामी भिंती भरभरून फोम लावलेली खोली कोंदट वाटते: वर सगळं मेलेलं, खाली सगळं घुमतंय. टाळी वाजवली की छान कोरडी ऐकू येते आणि माणूस फसतो. टाळीत खालचे सूर फारसे नसतातच.

फोमऐवजी भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवण्याबद्दल तर बोलायचीही गरज नसावी.

काय चालतं? दहा सेंटीमीटर जाडीचे मिनरल वूलचे पॅनेल, कापडात गुंडाळून, भिंतीपासून थोडं अंतर सोडून लावलेले. ते जमेपर्यंत जाड रजई किंवा उभी केलेली गादी. आणि ती कुठे ठेवायची, हा प्रश्न ‘काय’ इतकाच महत्त्वाचा आहे. कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो, पाठीमागचं कमी. समोर तुम्ही आहात आणि तुमच्या पाठीमागे भिंत. तिथून परतलेला आवाज तुमच्या खांद्यावरून सरळ माइकच्या तोंडात शिरतो. म्हणून रजई गाणाऱ्याच्या पाठीमागे टांगा. माइकच्या मागे लावायची ती अर्धगोल ढाल दिसायला ऐटबाज असते, पण बरंचसं काम माइकच्या बहिऱ्या बाजूला करते. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीशी घेऊन गाणं हा त्याहून बरा उपाय. कपाटाच्या आत शिरून गाऊ नका, आवाज डब्यातून आल्यासारखा येतो.

आणि पंखा बंद करा. रेकॉर्डिंगपुरता फ्रिजही. कुठल्याही वस्तूने होणार नाही एवढी सुधारणा एका बटणात होते, तरी लोक आधी नॉइज रिडक्शनचं प्लगइन शोधतात.

‘हेडफोनवर मिक्स होत नाही, आठ इंची मॉनिटर घ्या’

यात खरं आहे ते असं: हेडफोनवर डावा आवाज फक्त डाव्या कानाला जातो, त्यामुळे स्टीरिओ आहे त्यापेक्षा रुंद वाटतो आणि खर्जाचा अंदाज चुकतो. म्हणून शेवटी दुसऱ्या कशावर तरी ऐकून घ्यावंच, फोनच्या स्पीकरवर, गाडीत, जमेल तिथे.

पण उपाय म्हणून आठ इंची जोडी छोट्या खोलीत आणणं म्हणजे रोग वाढवणं. तीन मीटर लांबीच्या खोलीत ५७ हर्ट्झच्या आसपास आवाज दोन भिंतींमध्ये अडकून उभा राहतो. भिंतीशी बसलं तर तो सूर दणदणतो, मधोमध बसलं तर गायब. स्पीकर जितका खाली जाईल तितकं हे जास्त. मग ऐकणारा बास कमी-जास्त करत राहतो, आणि तो दुरुस्त करत असतो आपली खोली, गाणं नव्हे. मोठ्या आकाराचा मोह असलेल्यांनी यामाहाचा एनएस-१० हा स्पीकर आठवावा. १९७८ मध्ये घरगुती म्हणून आलेला, १८ सेंटीमीटरचा पांढरा, शंकूसारखा पडदा आणि बंद पेटी. खालचा आवाज तुटपुंजा, वरचा बोचरा, पण तो आवाज पटकन थांबायचा आणि मिक्समधल्या चुका लपवायचा नाही. वर्षानुवर्षं नामांकित ध्वनिमुद्रकांच्या कन्सोलवर तो बसलेला असायचा.

नवशिक्याला हेडफोन कसेही लागतातच, कारण गाताना स्पीकर चालू ठेवता येत नाही. त्यासाठी क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद असलेले, घ्या. ओपन-बॅकमधून क्लिकची (तालासाठी कानात वाजणारी) टकटक माइकमध्ये गळते आणि गाण्यातल्या शांत जागी उघडी पडते. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून स्टुडिओंत आहे, त्या जातकुळीतलं काहीही चालेल. मॉनिटर नंतर, आणि पाच इंची.

राहिलेली दोन कलमं

सॉफ्टवेअरमुळे आवाज पातळ होत नाही. खात्री करायची असेल तर तेच दोन ट्रॅक, कोणतंही प्लगइन न लावता, फुकटच्या आणि महागड्या अशा दोन सॉफ्टवेअरमधून एक्स्पोर्ट करा, पॅन (डावी-उजवीकडची जागा) मधोमध आणि पॅन लॉ (मधोमध ठेवल्यावर आवाज किती उतरवायचा तो नियम) सारखा ठेवून. मग दोन्ही फाइल एकावर एक ठेवून एकीची पोलॅरिटी उलटी करा, म्हणजे तिच्या लहरी वर-खाली उलटवा. स्पीकरमधून शांतता येते. पैसे द्यायचे ते सोयीसाठी, तयार वाद्यांसाठी, हाताला बसलेल्या शॉर्टकटसाठी द्यावेत. फुकटचं ऑडेसिटी एका आवाजासाठी ठीक आहे, थरांवर थर चढवायचे असतील तर रीपर बरा. त्याची चाचणी मुदत ६० दिवसांची आहे.

सोनं गंजत नाही, म्हणून जोडणीला बरं. वीज मात्र तांब्यातून त्याहून चांगली वाहते. माइकला बॅलन्स्ड एक्सएलआर (तीन पिनांच्या जोडणीची) केबल हवी, तिच्या दोन तारांत सारखीच शिरलेली गुणगुण एकमेकींतून वजा होते. टोकाची जोडणी घट्ट आहे का, एवढं हलवून बघा.

‘सगळं जमेल तेव्हाच सुरुवात करा’

एक माइक, दोन इनपुटचा इंटरफेस, क्लोज्ड-बॅक हेडफोन, स्टँड, पॉप फिल्टर आणि घरातली रजई एवढ्यावर एक पूर्ण गाणं करा. पुढची खरेदी काय ते ते गाणंच सांगेल. शब्दांना शेपूट असेल तर पॅनेल, गेन शेवटाला नेल्यावर हिस्स येत असेल तर प्रीअँप (माइकचा सिग्नल वाढवणारी पेटी) किंवा जास्त आउटपुटचा माइक, गाताना लय मागे पडत असेल तर ड्रायव्हर आणि बफर. आणि हेडफोनवर भरीव वाटलेला बास गाडीत नाहीसा होत असेल, तेव्हा पाच इंची मॉनिटरकडे वळा.