शंभरात एक नव्हे, लाखात एक

"मुलांच्या मेंदूतलं आवरण खाणारा नवा आजार! दरवर्षी शंभरातल्या एका मुलाला. कारण लसी. एमआरआयवर पांढरे डाग दिसले की मूल जन्माचं अंथरुणाला." पालकांच्या ग्रुपवर हे सध्या फिरतंय. मी बालरोगतज्ज्ञ. ओपीडीत रोज कुणीतरी हा मेसेज उघडून मोबाइल माझ्यापुढे धरतंच.

आधी आकडा. मज्जातंतूंवरच्या मायलिन या वेष्टणाला सूज येणारे आजार बरेच आहेत: एडेम (बहुधा एखाद्या तापानंतर मेंदूत एकदम येणारी सूज), डोळ्याच्या नसेची सूज, मज्जारज्जूची सूज, एमएसचा म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस या पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या आजाराचा पहिला झटका. कॅनडात हे सगळे मिळून मोजले, तेव्हा वर्षाला लाख मुलांमागे ०.९ रुग्ण भरले. ब्रिटनमध्येही साधारण एकच. महाराष्ट्रात मुलं साडेतीन कोटी धरा. कॅनडाच्या दरानं वर्षाला तीनशेच्या आसपास होतील, मेसेजच्या दरानं साडेतीन लाख. एवढ्या खाटा आणायच्या कुठून?

"पण आमच्या वॉर्डात एकाच वेळी तिघं होते" असं सांगणारी आई खोटं बोलत नसते. मोठ्या शहरातल्या त्या वॉर्डात चार-पाच जिल्ह्यांतली मुलं येतात, आणि घरी धडधाकट बसलेली लाखो मुलं तिथून दिसत नाहीत. आजारही नवा नाही. एमआरआय नव्हता तेव्हा यातल्या कितीतरी केसपेपरांवर नुसतं 'मेंदूज्वर' लिहून मोकळे होत.

लसींबद्दलच्या भीतीला मात्र जुना आधार आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कुत्रा चावल्यावर पोटात घ्यायची ती चौदा इंजेक्शनं आठवतात? ती सेम्पल लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. लसीबरोबर मेंढीचं मायलिनही शरीरात जाई आणि काहींना नेमका हाच आजार जडे. भारतात ती २००५ पर्यंत बंद झाली. आजची रेबीजची लस पेशींवर वाढवतात. उलट गोवर झालेल्या हजारातल्या साधारण एका मुलाच्या मेंदूला सूज येते. म्हणजे गोवराची लस चुकवणं हाच खरा धोका.

डागांचं म्हणाल, तर लहान मुलांत मायलिन पुरतं तयार व्हायचं असतं, त्यामुळे काही जागी निरोगी मेंदूतही पांढुरकं दिसतं.

आणि अंथरुणाचं? सात वर्षांचा एक मुलगा आला होता. तापानंतर दहा दिवसांनी दिवसभर झोपेत, चालताना झोकांड्या. फिल्म खिडकीपाशी धरली तर कापूस पिंजल्यासारखे डाग. एडेमच. शिरेतून स्टेरॉइड सुरू केलं. चौथ्या सकाळी गडी उठून बसला आणि पोह्यांत शेंगदाणे कमी म्हणून आईवर चिडला. सगळ्यांचं इतकं सोपं नसतं. काहींना पुन्हा झटका येतो, मोजक्यांचं निदान पुढे एमएस ठरतं. म्हणून तापानंतर मूल गुंगीत गेलं, बरळू लागलं, तोल जाऊ लागला, अचानक अंधुक दिसू लागलं किंवा लघवी अडली, तर मेसेज वाचत बसू नका, त्याच दिवशी घेऊन या.