अर्धा पॉइंट, अर्धी वडी

रविवारचा मेगाब्लॉक झेलत मी डोंबिवलीहून दादरला गेलो, बुद्धिबळ स्पर्धेची सातशे रुपये एण्ट्री फी भरली आणि नऊ वर्षांच्या पोराशी बरोबरी करून परत आलो. ऑफिसात "ड्रॉ झाला" एवढंच सांगितलंय. समोरच्याचं वय कुणी विचारलं नाही.

मी काळा. पोराने वजिराचं प्यादं दोन घरं सारलं, मीही सारलं. मग त्याने शेजारचं प्यादं पुढे केलं, घ्या काका. मी घेतलं नाही. याला क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड म्हणतात. आपल्याकडे पंगतीत 'नको, नको' म्हणत जिलबीवर डोळा ठेवतात, तसंच. 1927 साली ब्युनोस आयरेसला जगज्जेतेपदाच्या लढतीत कापाब्लांका आणि आलेखाइन जवळजवळ सगळे 34 डाव हेच खेळले. त्यातले 25 ड्रॉ. तेव्हा मला लाज वाटायचं कारण नाही.

माझ्याकडे एक प्यादं जास्त होतं, हे इथे नोंदवून ठेवतो. पण पोराचा वजीर आत शिरला. शह. राजा कोपऱ्याकडे. शह. राजा परत. मग पोराने हात वर केला, "सर, तीनदा सेम पोझिशन." म्हणजे ड्रॉ, दोघांना अर्धा-अर्धा पॉइंट.

दाराशी त्याची आजी डबा घेऊन उभी.

"कोण जिंकलं?"

"ड्रॉ झाला, काकू."

"म्हणजे परत खेळणार?"

"नाही. संपला."

"मग इतका वेळ हा काय करत होता?"

"शह देत होता."

"आणि तुम्ही?"

"मी... सरकत होतो."

त्यांनी मला नीट पाहून घेतलं. "अहो, मग तुम्ही हरलात असंच सांगा ना आत! त्याला कप मिळेल. तुम्हाला काय करायचाय?"

खरंच, काय करायचाय? नऊच्या खालच्यांना कप, अकराच्या, तेराच्या खालच्यांना कप, साठच्या वरच्यांना शाल. मी सत्तेचाळीस. आमच्यासाठी फक्त एण्ट्री फी, आणि गुडघे छातीला लागतील असे शाळेचे बाक. पंखासुद्धा पोरांच्या रांगेवर.

पोरगं तोंडात वडी कोंबून म्हणालं, "काका, जिंकत होतात तुम्ही. हत्ती का हलवलात?"

आजीने डबा माझ्यापुढे धरला. नारळाची वडी. "नको, नको," मी म्हटलं.

"बरं," म्हणून त्यांनी वडी मोडली आणि निम्मी माझ्या हातावर ठेवली. "अर्धाच पॉइंट ना तुमचा?"