अकरा फुटांचा पंप

आमच्या परभणीत पंपाच्या दुकानात शिरलं की मालक आधी एकच प्रश्न विचारतो, "किती फुटाची बोर?" चारशे सांगा, सातशे सांगा, त्याच्या चेहऱ्यावर काही हलत नाही. मी म्हणालो, "अकरा." त्यानं मोबाइल खाली ठेवला.

"अकराशे?"

"नाही ओ. अकरा. फूट."

पाइप निवडत उभे असलेले दोघंजण वळून माझ्याकडं बघायला लागले. त्यातही मी दोन फूट वाढवूनच सांगितले होते, पण ते पुढं येईल.

झालं असं, की डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याहून नातू येणार होता, आणि त्याच्याआधी जावयानं पाठवलेला खोका आला. आत जमिनीवर मांडायचा पोहण्याचा हौद. १० फूट रुंद, अडीच फूट उंच, पाणी साडेचार हजार लिटर. लातूरच्या मेव्हणीला फोनवर सांगायची चूक हिनं केली. "आमच्याकडं २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, अन् तुम्ही डुंबायलाव व्हय!" नंतर सगळं पाणी लिंबाला अन् नारळाला जाणार आहे, हे मी तिला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, टँकरवाल्यालाही सांगितलं. त्यानं विचारलंसुद्धा नव्हतं.

पाणी आलं ते बर्फासारखं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, त्यात काय! शेतात ठिबकच्या नळ्या पडल्यात की. काळ्याभोर. गच्चीवर अंथरू, उन्हात तापतील, पाणी वर नेऊ अन् खाली सोडू." दुसऱ्या दिवशी १६ एमएमची शंभर मीटर नळी गच्चीवर वेटोळं घालून बसली. आता प्रश्न फक्त पंपाचा. हौदासोबत आलेला गाळणीचा पंप पाणी जागच्या जागी फिरवण्यापुरता, गच्ची त्याच्या खिजगणतीत नव्हती.

पहिला मान कूलरच्या पंपाला. पाणी नळीत सहा फूट चढलं आणि थांबलं. वर नाही, खाली नाही. आम्ही तिघं त्याच्याकडं बघत उभे. मग फवारणीच्या पंपाची मोटर. तिच्यात जोर होता, पण धार बघून आई म्हणाली, यापेक्षा मी तांब्यानं भरते. शेवटी मेव्हण्यानं शेतातून एक एचपीचा मोनोब्लॉक आणला. बटण दाबलं, वर फटकन आवाज झाला, जॉइनर उडाला. आणि तेव्हाच कळलं, की नळीचा शेवटचा तुकडा इनलाइनचा होता, म्हणजे फूट-दीड फुटावर ड्रीपर. हिनं वाळत घातलेल्या मिरच्यांना रीतसर ठिबक मिळालं. त्यानंतर घरात दोन दिवस पंप हा शब्द काढायची सोय नव्हती.

मग भाचा आला. तो इथंच, कृषी विद्यापीठात अभियांत्रिकी शिकतो. त्यानं गच्चीवर जाऊन नळी बघितली आणि डोक्याला हात लावला. "मामा, एवढ्या बारीक नळीतून शंभर मीटर एका दमात? मिनिटाला दहा लिटर न्यायचं म्हटलं तर नुसत्या घर्षणातच अकरा-बारा मीटरचं हेड, म्हणजे पाणी तेवढं उंच चढवायला लागेल एवढा जोर, जातंय. तुमचं घर तेवढं उंच नाही." चांगल्या नळीचे २५ मीटरचे चार तुकडे करून ते शेजारी-शेजारी जोडले, की तेच घर्षण एका फुटाच्या आत येतं, म्हणे. शिवाय परतीच्या नळीचं तोंड पाण्यात बुडवून ठेवलं, की उतरणारं पाणी चढणाऱ्याला ओढतं, ड्रममधून डिझेल काढतात तसं. म्हणजे पंपाला खरी मेहनत सुरुवातीला एकदाच. आणि हौदातलं पाणीच मुळात जमिनीपासून दोन फूट वर, तेव्हा चढ उरला नऊ फुटांचा. दुकानात नऊ सांगायची माझी हिंमत झाली नाही, ती यामुळं.

"अन् मामा, लेकरू पाण्यात असताना दोनशे तीस व्होल्ट जवळ नको. २४ व्होल्टचा डीसी घ्या, पॅनेलवर चालणारा. ऊन आलं की आपोआप सुरू, गेलं की बंद."

मालकानं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "काका, न्यायचाच तर दीड एचपी न्या. उद्या बोर मारली तर कामाला येईल." मी ठाम राहिलो. त्यानं नाइलाजानं दोन दिवसांत मागवून दिला. हातात मावेल एवढा पंप. पाटीवर लिहिलेलं, ८ मीटर, मिनिटाला १५ लिटर. मी खूश. भाचा म्हणाला, आठ मीटरवर याचं पाणी नुसतं पोचतं, पडत नाही, आणि पंधरा लिटर देतो ते चढ नसेल तर. लग्नाच्या बायोडाट्यात मुलगा पुण्यात नोकरी करतो आणि गावाकडची वीस एकर शेतीही बघतो, तसं. दोन्ही खरं, पण एका दिवशी नव्हे.

पंप सुरू झाला, पाणी वर गेलं, खाली आलं, आणि हौदात बुडबुड बुडबुड सुरू झालं. ओट्यावरून आई ओरडली, "उकळलं रे! लेकराला घालू नका त्यात!" शेजारच्या दोघी पदर खोचून बघायला आल्या. बंद झाल्यावर नळ्या चपट्या होऊ नयेत म्हणून भाच्यानं सगळ्यात वर एअर व्हॉल्व्ह बसवला होता, आणि उतरणारं पाणी तिथून हवा ओढत होतं. परतीचा कॉक थोडा आवळला, बुडबुडे गेले. शेजारणीही गेल्या.

राहिलं पाणी तापण्याचं. एवढं पाणी एक अंश तापवायला पाच युनिटांच्या वर ऊर्जा लागते. आमच्या नळ्यांवर ऊन पडतं ते सगळं मिळून दीडेक चौरस मीटरवर, त्यातून दिवसाला चार युनिटं मिळाली तर नशीब. म्हणजे दिवसभरात एक अंशसुद्धा नाही, आणि तोही परभणीची डिसेंबरातली रात्र व्याजासकट परत घेते. रात्री ताडपत्री झाकायला लागलो. चार दिवसांत एकवीसचं तेवीस झालं.

नातू आला, पाय बुडवला, "थंडंय," म्हणाला आणि बाहेर. मग बुडबुड्यांची गोष्ट त्याला पणजीनं सांगितली. "आजोबा, तो कॉक सैल करा ना." केला. तो दोन तास पाण्यात होता, दात वाजवत.

परवा वॉशर आणायला गेलो, तर मालकानं आतल्या पोराला हाक मारली, "अरे बघ रे, अकरा फूटवाले काका आलेत."