निळी ज्योत गार असते

परवा आमच्या गॅसच्या शेगडीची ज्योत पिवळी पडली, भांड्यांची बुडे काळी होऊ लागली आणि मी दुरुस्ती करणाऱ्याला बोलावले. एवढ्याशा कामात कुणाचा पाणउतारा होण्याचे कारण नव्हते. परंतु नेमके त्याच वेळी वरच्या मजल्यावरचे काका विरजण मागायला आले आणि वाटी हातात घेऊन आमच्या स्वयंपाकघरात स्थिरावले.

"पिवळी आहे तेच बरं," ज्योतीकडे पाहून ते म्हणाले. "निळी गार असते."

मला ही थट्टा वाटली.

"न्हाणीघरातला नळ बघ. तांबडा ठिपका गरम पाण्याचा, निळा गार पाण्याचा. कंपन्या काय वेड्या आहेत?"

दुरुस्ती करणाऱ्याने शेगडीखालून डोके बाहेर काढले. "काका बरोबर बोलतात, साहेब. त्यात हल्ली सिलिंडरमध्ये रॉकेल मिसळतात."

"पण रेशनचं रॉकेल तर निळं असतं," मी म्हणालो.

"मग?" काका विजयाने म्हणाले. "हात लावून बघ. गारच लागतं."

या युक्तिवादाला उत्तर कसे द्यायचे, हे मला अजूनही सुचलेले नाही. रेशनच्या रॉकेलचा निळा रंग मुळात त्याचा नव्हेच. ते डिझेलमध्ये मिसळले तर ओळखू यावे म्हणून त्यात रंग घालतात. तेच निळे रॉकेल कंदिलात पिवळे जळते आणि पंपाच्या स्टोव्हवर निळे, कारण कंदिलात त्याच्या वाफेला हवा फक्त कडेने मिळते, मधल्या भागात कार्बनचे बारीक कण तयार होऊन तापतात व पिवळे उजळतात, आणि त्यांतले जे जळायचे राहतात ते काजळी होऊन काचेवर बसतात. स्टोव्हमध्ये वाफ आणि हवा जळण्यापूर्वीच एकत्र होतात, त्यामुळे ते कण फारसे बनतच नाहीत. तिथला निळा प्रकाश कार्बन आणि हायड्रोजनच्या क्षणभर टिकणाऱ्या तुकड्यांचा असतो. शेगडीचेही तेच. निळ्या ज्योतीचे तापमान १९०० अंश सेल्सियसच्या घरात जाते, तर मेणबत्तीचा पिवळा भाग सुमारे १२०० अंशांवर असतो. जर्मनीत बुन्सेन या रसायनशास्त्रज्ञाने १८५५च्या सुमारास हवा आधी मिसळणारा बर्नर वापरात आणला आणि त्याच्या जवळजवळ रंगहीन ज्योतीत क्षार धरून, तिला येणाऱ्या रंगांवरून, किरखॉफ या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर, १८६० व १८६१ साली सीझियम आणि रुबिडियम ही मूलद्रव्ये शोधली.

हे सगळे मी सांगू लागलो होतो. बुन्सेनपर्यंत पोहोचलो तोच काकांनी विचारले, "तो स्वयंपाक करायचा का?"

दरम्यान दुरुस्ती करणाऱ्याने बर्नरच्या नळीतून कोळ्याचे जाळे आणि धुळीचा बोळा ओढून काढला, सुईने जेट मोकळा केला आणि शेगडी पेटवली. निळीशार ज्योत! सिलिंडर तोच होता. त्यातल्या रॉकेलचे काय झाले, हे मी विचारल्यावर त्याने साडेतीनशे रुपये मागितले. "झाली गार," काका हळहळले. घरच्यांनी त्यांना चहा दिला, तोही त्याच ज्योतीवर करून, आणि तो प्यायला फार कढत आहे अशी तक्रार त्यांनी बिनदिक्कत केली.

संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर भेसळीची बातमी पसरली. जो तो आपापला सिलिंडर हलवून आवाज ऐकत होता. हवा कमी पडून पिवळी, काजळी धरणारी ज्योत जळते तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो, त्याला रंग नसतो, वास नसतो आणि बंद खोलीत तो जीव घेतो, हे मी तिथे नीट लिहिले. त्यावर कुणी एक अंगठा दाखवला. भिण्यासारख्या गोष्टीला कुणी भीत नाही. रॉकेलला मात्र सगळी इमारत भ्याली, आणि काळी भांडी घासत बसलो मी.

शेवटचा प्रयत्न म्हणून जिन्यात भेटलेल्या काकांना मी आतषबाजीची आठवण दिली : लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा, मग निळे बाण काय गार असतात?

"म्हणून तर ते नीट उडत नाहीत," ते म्हणाले.

आता आतषबाजीतला निळा रंग खरोखरच सर्वांत अवघड असतो. तो देणारे तांब्याचे क्लोराइड फार उष्णतेत मोडते, म्हणून त्या मिश्रणाची ज्योत इतरांपेक्षा मुद्दाम कमी तापू द्यावी लागते. हे मी काकांना सांगितलेले नाही, आणि सांगणारही नाही.